सर्दीच्या बाटलीची मागची बाजू

सर्दी-खोकल्याच्या औषधाची कोणतीही बाटली उलटी करा आणि मागची बारीक अक्षरे वाचा. पुढे ठळक अक्षरांत एकच नाव असते, मागे मात्र तीन-चार निघतात. क्लोरफेनिरामाइन, फिनाइलएफ्रिन, पॅरासिटामॉल. कधी जोडीला डेक्स्ट्रोमेथॉर्फन, कधी अँब्रॉक्सॉल, कधी लेव्होसाल्ब्युटामॉल. केमिस्टकडे जाऊन ‘सर्दीवर काहीतरी द्या’ म्हटले की आपण ही सगळी औषधे एकदम घरी आणतो. त्यांतले प्रत्येक शरीरात निराळ्या जागी काम करते आणि निराळ्या माणसाला बाधते. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना औषधशास्त्र शिकवताना मी या बाटल्यांवर हृदयविकाराच्या गोळ्यांइतकाच वेळ देते. हृदयाच्या गोळ्या लोक निदान डॉक्टरांना विचारून घेतात. सर्दीचे औषध मात्र कपाटातून काढून, अंदाजाने, शेजारच्यांच्या अनुभवावर घेतले जाते.

मुळात साध्या सर्दीच्या विषाणूला मारणारे औषध यांत एकही नाही. सर्दी सात ते दहा दिवसांत आपोआप ओसरते, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. ही सारी औषधे तोवरचा त्रास हलका करण्यासाठी आहेत. दुखणे आपले आपणच बरे होणार असेल, तर त्यासाठी पत्करायचा धोकाही अगदी थोडाच असायला हवा. म्हणून प्रत्येक घटकाला दोन प्रश्न विचारायचे: तू नेमके काय करतोस, आणि समोरच्या या माणसाला तुझी गरज आहे का?

सुरुवात अ‍ॅलर्जीच्या औषधांपासून करू, कारण त्यांचे काम सर्वांत स्पष्ट आहे. आपल्या त्वचेत, नाकात, श्वासनलिकांत मास्ट पेशी असतात आणि त्यांच्यात हिस्टामाइन साठवलेले असते. परागकण, धूळ, एखादे औषध किंवा झिंगा यांपैकी ज्याचे शरीराला वावडे असेल ते आले की या पेशींतून हिस्टामाइन बाहेर पडते. ते एच-१ या ग्राहकांवर जाऊन बसते आणि खाज, शिंका, पाणावलेले डोळे, वाहते नाक, अंगावर पित्त असा सगळा प्रकार सुरू होतो. हेन्री डेल यांनी १९१० च्या सुमारास हिस्टामाइनचे परिणाम अभ्यासले. त्याला अडवणाऱ्या औषधांच्या शोधात मोठा वाटा असलेले डॅनियल बोव्हे १९५७ च्या नोबेलचे मानकरी ठरले. अँटिहिस्टामाइन औषधे पेशीतून हिस्टामाइन बाहेर पडणे थांबवत नाहीत, ती आधी जाऊन ग्राहकाची जागा अडवतात. त्यामुळे त्रास सुरू होण्यापूर्वी घेतली तर ती जास्त उपयोगी पडतात. धुळीचे काम काढणार असाल तर गोळी आधी घ्यावी, ती यासाठी.

सर्दीच्या विषाणूने येणाऱ्या शिंका आणि पाणी यांत हिस्टामाइनचा हात तेवढा मोठा नसतो. मग क्लोरफेनिरामाइनने सर्दीत नाक कोरडे कसे पडते? त्याचे कारण त्या औषधाच्या दुसऱ्याच गुणात आहे. क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन, प्रोमेथाझिन ही जुन्या पिढीची औषधे अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनालाही अडवतात. त्याने नाक सुकते, पण तोंड, डोळे, आतडी आणि मूत्राशय यांनाही तोच हिशेब लागू होतो. शिवाय ती मेंदूत सहज शिरतात, म्हणून झोप येते. प्रौढांच्या शरीरात क्लोरफेनिरामाइन निम्मे व्हायला सुमारे २० तास लागतात. रात्री घेतलेल्या गोळीची गुंगी सकाळी स्टिअरिंगवर बसलेल्या एसटी किंवा ट्रकच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत असते, ती अशी.

पुरुषांच्या वॉर्डात एक रुग्ण हमखास भेटतो. वय सत्तरीच्या पुढे, प्रोस्टेट वाढलेले, आदल्या संध्याकाळपर्यंत ठीक. रात्रीपासून लघवी झालेली नाही, ओटीपोट टम्म फुगलेले, माणूस घामाघूम. कॅथेटर घातला की मोठी पिशवी भरून लघवी येते आणि आजोबा मोकळा श्वास घेतात. बरेच जण इथे थांबतात. चांगली सिस्टर मात्र विचारते, “आजोबा, काल सर्दीची गोळी घेतली होती का?” बहुतेकदा उत्तर असते, “हो, मुलाने आणली होती मेडिकलमधून.” त्या गोळीतल्या क्लोरफेनिरामाइनने मूत्राशयाचा स्नायू सैल केला, आणि सोबतच्या फिनाइलएफ्रिनसारख्या औषधाने मूत्राशयाचे तोंड आवळले. प्रोस्टेटसाठी त्यांना चालू असलेली टॅम्सुलोसिनची गोळी तेच तोंड सैल करण्यासाठी धडपडत असते. एकाच माणसाच्या पोटात दोन गोळ्या एकमेकींविरुद्ध काम करत होत्या, आणि हे विचारल्याशिवाय कळणार नव्हते. काचबिंदूच्या काही रुग्णांत याच औषधांनी डोळ्यातला दाब वाढतो. वयस्कर माणूस रात्री अचानक असंबद्ध बोलू लागला, तर आधी औषधांची यादी पाहावी.

नव्या पिढीची सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही औषधे मेंदूत कमी शिरतात. तरी सेट्रिझिनने काहींना चांगलीच झोप येते, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर तिचा डोस कमी करावा लागतो. या पिढीतले टर्फेनाडिन एकेकाळी झोप न आणणारे म्हणून फार गाजले. पण इरिथ्रोमायसिन किंवा किटोकोनाझोलसोबत घेतले की यकृतात त्याचे विघटन अडायचे, रक्तात ते साठायचे आणि हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडायचे. १९९७-९८ मध्ये ते अमेरिकेत बाजारातून गेले. त्याच औषधाचे शरीरात तयार होणारे निर्धोक रूप म्हणजे आजचे फेक्सोफेनाडिन. ते साध्या पाण्याबरोबर घ्यावे; संत्र्या-सफरचंदाच्या रसाबरोबर घेतले तर ते आतड्यातून नीट शोषले जात नाही. आणखी एक गोष्ट गेल्या वर्षा-दोन वर्षांत ठळक झाली आहे. सेट्रिझिन किंवा लेव्होसेट्रिझिन महिनोन्महिने रोज घेऊन एकदम बंद केले तर काहींच्या अंगाला असह्य खाज सुटते. अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, २०२५ मध्ये तसा इशारा दिला.

लेव्होसेट्रिझिनच्या जोडीने आपल्याकडे मॉन्टेलुकास्ट सर्रास लिहिले जाते. दम्यात ते उपयोगाचे आहे. पण काहींना, विशेषतः मुलांना, त्याने भयानक स्वप्ने, चिडचिड, नैराश्य आणि क्वचित आत्महत्येचे विचार येतात, म्हणून २०२० मध्ये एफडीएने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. ‘गोळी सुरू झाल्यापासून मुलगा रात्री दचकून उठतोय’ हे आई डॉक्टरांना सांगायला विसरते. सिस्टरने आपणहून विचारावे. निव्वळ नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी नाकात मारायचे स्टिरॉइडचे स्प्रे, म्हणजे फ्लुटिकाझोन किंवा मोमेटाझोन, बहुतेकांना जास्त गुण देतात. ते अयशस्वी ठरतात तेव्हा दोष बहुधा पद्धतीचा असतो. मान मागे टाकून, नाकाच्या मधल्या पडद्यावर नेम धरून फवारा मारला तर औषध घशात जाते आणि नाकातून रक्त येते. मान किंचित पुढे झुकवायची, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरायचा, नळीचे टोक त्या नाकपुडीच्या बाजूच्या कानाच्या दिशेने ठेवायचे, आणि फवारा मारल्यावर जोरात नाक ओढायचे नाही. पूर्ण गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. हे एकदा करून दाखवायला दोन मिनिटे पुरतात.

अ‍ॅलर्जीचा विषय सोडण्यापूर्वी एक गोष्ट मला अगदी ठासून सांगायची आहे. इंजेक्शन दिल्यावर, गांधीलमाशी चावल्यावर किंवा काही खाल्ल्यावर अंगभर पित्त उठले, आवाज बसला, श्वास घरघरू लागला, बी.पी. कोसळला, तर ती अ‍ॅनाफिलॅक्सिस आहे. अशा वेळी आपल्याकडे हात पहिल्यांदा अ‍ॅव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोनकडे जातो. अ‍ॅव्हिल म्हणजे फेनिरामाइन. ते खाज थांबवील, पण सुजलेला घसा उघडणार नाही आणि बी.पी. वर आणणार नाही. जीव वाचवते ते अ‍ॅड्रेनालिन: मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला, स्नायूत, मोठ्या माणसाला १:१००० तीव्रतेचे अर्धा मिलीलिटर, गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. रुग्णाला आडवे ठेवायचे, पाय वर घ्यायचे, उभे करायचे नाही. धाप फार असेल तरच बसते करायचे. अ‍ॅव्हिल, स्टिरॉइड ही नंतरची कामे. हा क्रम चुकवून गेलेली पाच मिनिटे परत मिळत नाहीत.

आता चोंदलेल्या नाकाकडे वळू. नाक चोंदते ते शेंबडापेक्षा आतल्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांमुळे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब त्या वाहिन्या आवळतात आणि काही मिनिटांत नाक मोकळे होते. तीन ते पाच दिवसांच्या पुढे मात्र वाहिन्या उलट्या उठतात: थेंबांचा असर संपला की पहिल्यापेक्षा जास्त फुगतात, माणूस पुन्हा थेंब घालतो, आणि वर्षभर उशाशी बाटली ठेवून झोपणारी माणसे तयार होतात. मोठ्यांचे थेंब तान्ह्या बाळाच्या नाकात घालू नयेत. पोटात गेले तर बाळ सुस्त पडते आणि ठोके मंदावतात. बाळासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब पुरेसे आहेत.

तोंडाने घ्यायच्या औषधांची कथा वेगळी आहे. पूर्वी बहुतेक गोळ्यांत फिनाइलप्रोपॅनोलामाइन असे. त्याने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो असे दिसल्यावर २००० मध्ये अमेरिकेने ते काढायला लावले. भारतात २०११ मध्ये बंदीचा आदेश निघाला. स्यूडोएफेड्रिन काम करते, पण त्यापासून मेथअ‍ॅम्फेटामिन हा नशेचा पदार्थ बनवता येतो, म्हणून त्यावर कडक नजर आली. जागा रिकामी झाली ती फिनाइलएफ्रिनने भरली. अडचण एवढीच की गिळलेल्या फिनाइलएफ्रिनचा बहुतांश भाग आतड्याच्या भिंतीत आणि यकृतातच निकामी होतो, नाकापर्यंत नगण्य पोहोचतो. सप्टेंबर २०२३ मध्ये एफडीएच्या तज्ज्ञ समितीने १६ विरुद्ध ० मतांनी सांगितले की नेहमीच्या डोसमध्ये तोंडाने घेतलेले फिनाइलएफ्रिन नाक मोकळे करत नाही, आणि पुढच्या वर्षी ते काढून टाकण्याचा प्रस्ताव आला. आपल्या बाटल्यांच्या मागे मात्र ते अजून छापलेले दिसते. उपयोग नसलेला घटक रुग्णाने विकत का घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर मला मिळालेले नाही.

खोकल्याच्या औषधांत दोन तट आहेत. खोकला दाबणारी कोडीन आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन एका बाजूला. कफ पातळ करून बाहेर काढणारी ग्वायफेनेसिन, ब्रोमहेक्सिन, अँब्रॉक्सॉल दुसऱ्या बाजूला. अँब्रॉक्सॉलचे मूळ आपल्या परसात आहे. अडुळशातल्या व्हासिसिन या द्रव्याच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन बनवले गेले, आणि ब्रोमहेक्सिनचे शरीरात होणारे रूपांतर म्हणजे अँब्रॉक्सॉल. या औषधांबरोबर भरपूर पाणी प्यायला सांगितले नाही तर ती अर्धवटच काम करतात. कफ सुटायला लावणारे आणि खोकला दाबणारे औषध एकाच बाटलीत घालण्यात काही अर्थ नाही: सुटलेला कफ बाहेर कसा यायचा? कोडीनचे शरीरात मॉर्फिन होते. काहींच्या यकृतात हे रूपांतर फार वेगाने होते आणि लहान मुलांचा श्वास मंदावतो, म्हणून १२ वर्षांखालील मुलांना ते देऊ नये. डेक्स्ट्रोमेथॉर्फन सौम्य असले तरी नैराश्यावरच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णात ते थरथर, ताप आणि संभ्रम आणू शकते. क्षयरोग वॉर्डात काम करणाऱ्यांनी तर हे पक्के लक्षात ठेवावे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात लिनेझोलिड दिले जाते, आणि ते मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला अडवते. त्या रुग्णाने खोकल्यासाठी बाहेरून स्यूडोएफेड्रिनसारखा घटक असलेले सिरप आणले तर बी.पी. अचानक चढू शकतो. डेक्स्ट्रोमेथॉर्फनही अशा वेळी जपूनच. क्षयरोगाच्या रुग्णाला खोकला असणारच, आणि उशाशी सिरपची बाटलीही असणार. ती एकदा हातात घेऊन वाचा.

मुलांच्या बाबतीत मात्र थोडे थांबून सांगायला हवे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये आणि तसा इशारा लेबलवर छापावा असा आदेश काढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने आणखी स्पष्ट सांगितले: दोन वर्षांखालील बाळांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहूच नयेत, आणि पाच वर्षांखाली ती सहसा देऊ नयेत. घरात चुका बहुतेक मोजण्यात होतात. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलीलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, आणि १२५ च्या सिरपमध्ये पाच मिलीलिटरला १२५, म्हणजे मिलीलिटरला २५. थेंबांची बाटली सिरप समजून चमच्याने पाजली तर डोस चौपट होतो. त्यात सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्येही पॅरासिटामॉल असते. तापाचे वेगळे आणि सर्दीचे वेगळे असे दोन्ही दिले की बाळाच्या यकृतावर दुहेरी मारा होतो, आणि आईला वाटते की दोन निराळी औषधे दिली. एक वर्षावरच्या मुलाला खोकल्यासाठी रात्री अर्धा चमचा मध देणे उत्तम; पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवण्याची किंवा गुटीत घालण्याची आपल्याकडची रीत सोडावी, कारण मधातल्या बॉट्युलिझमच्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

ऑक्टोबर २०२५ च्या त्या सूचनेमागे मुलांचे मृत्यू होते. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात सर्दी-खोकल्याचे सिरप घेतलेली मुले एकापाठोपाठ मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली, वीसहून अधिक. त्यांतली अनेक उपचारासाठी नागपूरला आणलेली होती. तमिळनाडूत बनलेल्या त्या सिरपच्या तपासणीत डायइथिलीन ग्लायकॉल सुमारे ४८ टक्के निघाले, मर्यादा ०.१ टक्का आहे. पॅरासिटामॉल पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून सिरपमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनसारखा द्राव वापरावा लागतो. डायइथिलीन ग्लायकॉल दिसायला तसेच, दाट आणि गोडसर, पण कारखान्यात वापरायचे आणि स्वस्त. तपासणी न करता ते द्रावात आले तर चवीवरून किंवा रंगावरून काही कळत नाही. शरीरात त्याचे डायग्लायकॉलिक आम्ल होते आणि ते मूत्रपिंडाच्या नलिका जाळते.

हे पहिल्यांदा घडले नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या अशाच एका द्रव औषधाने शंभराहून अधिक माणसे गेली आणि त्यातून १९३८ चा कायदा आला. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा बळी गेला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध खरेदीपासून मंत्रालयापर्यंतचा कारभार उघडा पाडला, आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना जावे लागले. २०२२ मध्ये गांबियात भारतात बनलेल्या सिरपांशी जोडलेले साठहून अधिक मुलांचे मृत्यू झाले. कारण दरवेळी तेच: द्राव सुरक्षित आहे का, हे वापरण्यापूर्वी तपासले गेले नाही. ही तपासणी कठीण नाही आणि महागही नाही. इतक्या मृत्यूंनंतरही ती टाळली जाते याचा मला संताप येतो.

या विषाची पहिली खूण घरच्यांना आणि सिस्टरला डॉक्टरांच्याही आधी दिसू शकते. मूल सर्दी-तापातून सावरण्याऐवजी उलट्या करू लागते, पोट दुखते, आणि मग लघवी कमी होते. डायपर सकाळपासून कोरडा आहे, मोठे मूल बाथरूमला गेलेच नाही, डोळ्यांखाली सूज आली आहे. सिरप चालू असलेल्या मुलात सहा-आठ तास लघवी झाली नसेल तर सिरप लगेच थांबवावे, बाटली टाकून न देता बॅच क्रमांकासह सोबत घ्यावी आणि मूल मूत्रपिंडाचे उपचार होतील अशा रुग्णालयात न्यावे. लघवीची नोंद हे वॉर्डातले सर्वांत कंटाळवाणे काम समजले जाते. अशा वेळी मुलाची किडनी वाचू शकते ती त्या तक्त्यातल्या रिकाम्या रकान्यावर कुणाची तरी नजर पडल्यामुळे.

आणि शेवटी, न जाणारा खोकला. बी.पी.साठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणाऱ्या काहींना कोरडा, खवखवणारा खोकला सुरू होतो. ब्रॅडिकायनिन साठल्याने येणारा हा खोकला कोणत्याही सिरपने जात नाही, डॉक्टरांनी गोळी बदलली की काही आठवड्यांत थांबतो. छातीत जळजळ होऊन आम्ल वर येणाऱ्यांचा आणि दम्याचा खोकलाही सिरपच्या आवाक्याबाहेरचा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सोबत संध्याकाळचा ताप, वजनात घट किंवा कफात रक्त असेल तर चौथी बाटली आणू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते. डबी हातात देताना सिस्टरने एवढे समजावून सांगावे: सकाळी उठल्यावर चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, छातीतून खोकून घट्ट बेडका काढायचा, नुसती लाळ नको, आणि झाकण लावून डबी त्याच दिवशी केंद्रात पोहोचवायची.